पाणथळ प्रदेशांचे रेखाटन

पाणथळ प्रदेशांचे रेखाटन म्हणजे तळी, दलदली, खाड्या, कांदळवने, पूरमैदाने यांसारख्या पाण्याने व्यापलेल्या किंवा वर्षातील काही काळ ओल्या राहणाऱ्या भूभागांचे आणि तेथील पक्षी, प्राणी व वनस्पतींचे निरीक्षणावर आधारलेले चित्रण होय. यात जागेवर बसून काढलेली पेन्सिलची झटपट रेखाटने, जलरंगातील भूदृश्ये, शास्त्रीय ग्रंथांसाठी काढलेली चित्रे, लाकडी ठसेचित्रे आणि लोककलेतील जलसृष्टीची चित्रे या सर्वांचा समावेश होतो. चित्रकलेची एक शाखा म्हणून या प्रकाराला महत्त्व आहेच. त्याखेरीज प्रजातींची ओळख, स्थलांतराचा अभ्यास आणि पाणथळ जागांचे संरक्षण या कामांतही रेखाटनाचा प्रत्यक्ष उपयोग झालेला आहे. काही प्रजाती एखाद्या प्रदेशातून नाहीशा झाल्यानंतर त्यांची जुनी चित्रे हा त्यांच्या अस्तित्वाचा मोलाचा पुरावा ठरला आहे.

पार्श्वभूमी

इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात पाणथळ जागेची व्यापक व्याख्या करण्यात आली. नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमस्वरूपी वा तात्पुरत्या, स्थिर वा वाहत्या, गोड्या, मचूळ वा खाऱ्या पाण्याच्या जागा या व्याख्येत येतात. ओहोटीच्या वेळी ६ मीटरपेक्षा अधिक खोल नसलेले समुद्राचे पाणीही तीत धरले जाते. याच कराराच्या स्मरणार्थ २ फेब्रुवारी हा दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जातो.

पाणथळ जागा पुराचे पाणी धरून ठेवतात, भूजलाची भर घालतात, गाळ व प्रदूषके अडवतात आणि मासे व पक्ष्यांना आश्रय देतात. असे असूनही दीर्घकाळ त्यांची गणना निरुपयोगी, रोगट किंवा पडीक जमिनीत होत राहिली. भराव घालून किंवा पाणी उपसून अशा जमिनी 'उपयोगात आणणे' हे प्रगतीचे लक्षण समजले गेले. रामसर कराराच्या २०१८ सालच्या जागतिक अहवालानुसार १९७० ते २०१५ या काळात जगातील सुमारे ३५ टक्के नैसर्गिक पाणथळ क्षेत्र नष्ट झाले.

या उपेक्षेचे एक कारण दृश्य स्वरूपाचे आहे. पर्वत, धबधबा किंवा घनदाट अरण्य पाहताक्षणी नजरेत भरते. दलदल मात्र सपाट असते, तिचा काठ ऋतूनुसार सरकतो आणि तिच्यातील बरेचसे जीवन पाण्याखाली, गाळात किंवा गवताच्या दाटीत दडलेले असते. तिच्यात पाहण्यासारखे काय आहे, हे उमगण्यास वेळ द्यावा लागतो. रेखाटन करणाऱ्यास हा वेळ देणे भागच पडते. त्यामुळे पाणथळ जागांच्या अभ्यासात रेखाटनाला विशेष स्थान मिळाले आहे.

इतिहास

प्राचीन काळ

पाणथळ जीवनाच्या सर्वांत जुन्या व अचूक चित्रांपैकी काही प्राचीन इजिप्तमधील आहेत. मैदूम येथील नेफरमात व त्याची पत्नी इतेत यांच्या थडग्यातील 'मैदूमचे हंस' या नावाने ओळखले जाणारे भित्तिचित्र इ.स.पू. सुमारे २६०० मधील असून ते आता कैरो येथील संग्रहालयात आहे. चरणाऱ्या सहा हंसांच्या या चित्रात पिसांचे रंग व पट्टे इतके बारकाईने दाखवले आहेत, की त्यावरून प्रजाती ओळखण्याचा प्रयत्न आजचे पक्षितज्ज्ञ करतात. थीब्ज येथील नेबामून या अधिकाऱ्याच्या थडग्यातील इ.स.पू. सुमारे १३५० मधील चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात नेबामून पपायरसच्या दलदलीत होडीवर उभा राहून पक्ष्यांची शिकार करताना दिसतो. पाण्यातील मासे, उडणारी फुलपाखरे, घाबरून उठलेला पक्ष्यांचा थवा आणि शिकारीत सामील झालेले मांजर हे सारे या एका चित्रात आहे. पाणथळ जागेचे बारीक निरीक्षण आणि शिकार यांचा जो संबंध पुढील अनेक शतकांत दिसतो, त्याचे हे प्राचीन उदाहरण होय.

भारतात अजिंठ्याच्या चित्रांमध्ये कमळांची तळी आणि हंस वारंवार आढळतात. लेणे क्रमांक १७ मध्ये महाहंस जातकाची कथा चित्रित केलेली आहे. सरोवरावर उतरणारा हंसांचा राजा पारध्याच्या जाळ्यात सापडतो आणि त्याचा निष्ठावान साथीदार त्याला सोडून जात नाही, असे या कथेचे सूत्र आहे.

मुघल आणि कंपनीकालीन चित्रे

भारतातील निसर्गचित्रणाचा एक महत्त्वाचा टप्पा मुघल बादशहा जहांगीर (राज्यकाल १६०५–१६२७) याच्या दरबारात आला. जहांगीर स्वतः चौकस निरीक्षक होता. त्याने पाळलेल्या सारस पक्ष्यांच्या एका जोडीला लैला व मजनू अशी नावे दिली होती. अंडी घालण्यापासून पिले बाहेर येईपर्यंतच्या त्यांच्या वर्तनाचे तपशील त्याने आपल्या आत्मवृत्तात नोंदवले आहेत. त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर हा पशुपक्ष्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होता.

मन्सूरच्या नावावर असलेले सायबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. युरोपीय शास्त्रज्ञ पेटर सिमोन पल्लास याने या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन १७७३ मध्ये केले. म्हणजे मुघल चित्रकाराने हा पक्षी त्यापूर्वी सुमारे दीड शतक बारकाव्यांसह चितारला होता. सायबेरियन क्रौंच हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत येत असत. २००२ नंतर ते तेथे आढळलेले नाहीत. भारतात हिवाळा घालवणारी या पक्ष्याची परंपरा खंडित झाल्यामुळे मन्सूरच्या चित्राला आता कलाकृतीबरोबरच ऐतिहासिक नोंदीचेही मूल्य आले आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलिजा इम्पे यांच्या पत्नी मेरी इम्पे यांनी आपल्या बागेत अनेक पशुपक्षी पाळले होते. १७७७ ते १७८२ या काळात त्यांनी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या भारतीय चित्रकारांकडून तीनशेहून अधिक चित्रे काढून घेतली. मुघल परंपरेतील सूक्ष्म कलम आणि युरोपीय कागद व जलरंग यांचा संयोग या चित्रांत दिसतो. या संग्रहात गुलाबी डोक्याच्या बदकाचेही चित्र आहे. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन लॅथम याने १७९० मध्ये या बदकाला शास्त्रीय नाव दिले. गंगेच्या खोऱ्यातील उंच गवताच्या दलदलीत राहणाऱ्या या बदकाची भारतातील शेवटची खात्रीची नोंद बिहारमधील दरभंगा भागातली, १९३५ सालची मानली जाते. त्यानंतर ते नामशेष झाले असावे, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे.

युरोप आणि अमेरिका

सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये भूदृश्यचित्रण हा स्वतंत्र प्रकार म्हणून बहरला. समुद्रसपाटीच्या जवळपास किंवा तिच्याखाली असलेल्या या देशातील चित्रकारांनी नद्या, कालवे व ओल्या कुरणांना चित्राचा मुख्य विषय केले. यान फान गोयेन याची नदीकाठाची चित्रे आणि याकोब फान राऊस्डाल याचे जंगलातील दलदलीचे चित्र ही त्याची उदाहरणे होत. क्षितिजरेषा खाली ठेवून चित्राचा मोठा भाग आकाशाला देण्याची त्यांची रचना सपाट प्रदेशाच्या चित्रणासाठी पुढेही अनुसरली गेली.

इंग्लंडमधील थॉमस ब्युइक याने कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर बारीक कोरीव काम करून ठसे घेण्याची पद्धत विकसित केली. त्याच्या ब्रिटिश पक्ष्यांवरील ग्रंथाचा जमिनीवरील पक्ष्यांचा पहिला खंड १७९७ मध्ये आणि पाणपक्ष्यांचा दुसरा खंड १८०४ मध्ये प्रसिद्ध झाला. या ठशांमुळे पक्ष्यांची विश्वासार्ह चित्रे सामान्य वाचकाच्या घरात पोहोचली. त्याच्या मृत्यूनंतर, १८३० मध्ये, उत्तरेकडून येणाऱ्या एका लहान हंसाला त्याच्या सन्मानार्थ 'ब्युइकचा हंस' असे नाव देण्यात आले.

अमेरिकेतील जॉन जेम्स ऑड्युबॉन याच्या 'बर्ड्स ऑफ अमेरिका' (१८२७–१८३८) या ग्रंथात ४३५ चित्रे असून त्यांत रोहित, झोळीवाला, बगळे अशा अनेक पाणपक्ष्यांचा समावेश आहे. पक्षी प्रत्यक्ष आकारात दाखवण्याचा त्याचा आग्रह असल्यामुळे रोहितासारख्या उंच पक्ष्याची मान वाकवून तो कागदात बसवावा लागला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे ऑड्युबॉन पक्षी मारून, तारांच्या आधाराने त्यांना उभे करून चित्र काढत असे. जिवंत पक्ष्याचे दुरून निरीक्षण करून चित्र काढणे दुर्बिणी सुधारल्यानंतरच, म्हणजे मुख्यतः विसाव्या शतकात, रूढ झाले.

वेल्समधील अँगलसी बेटावर १९४७ पासून राहणारे चार्ल्स टनिक्लिफ हे या नव्या पद्धतीचे एक प्रमुख चित्रकार होते. खाडीकाठच्या आपल्या घरातून ते पक्ष्यांची रेखाटने करीत. मेलेले पक्षी हाती आल्यास त्यांची मापे घेऊन प्रत्यक्ष आकारातील नोंदचित्रेही त्यांनी तयार केली. जिवंत पक्ष्याच्या हालचाली आणि मृत पक्ष्याची अचूक मापे या दोन्हींचा मेळ त्यांच्या कामात आढळतो.

लोककलेतील जलसृष्टी

पाणथळ प्रदेशात राहणाऱ्या समाजांच्या कलेत पाणी हे पाहण्याचे दृश्य नसून जगण्याचा आधार म्हणून येते. बिहारमधील मिथिला हा नद्यांच्या पुराचा आणि असंख्य तळ्यांचा प्रदेश आहे. तेथील विवाहप्रसंगी रंगवल्या जाणाऱ्या कोहबर चित्रांत कमळवेल, मासे आणि कासव ही समृद्धी व संततीची प्रतीके ठरलेली असतात.

महाराष्ट्राच्या पालघर भागातील वारली चित्रकलेत भातशेती आणि मासेमारी हे नेहमीचे विषय आहेत. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांत मासेमारीचे जाळे हा गाजलेला विषय होता. संपूर्ण चित्रफलकावर पसरलेल्या बारीक रेषांच्या जाळ्यातून पाण्याचा विस्तार, मासे आणि माणसे यांचा परस्परसंबंध ते एकाच वेळी दाखवतात. या परंपरांमध्ये पक्ष्याची प्रजाती ओळखता येणे हा हेतू नसतो. माणूस आणि पाणी यांचे नाते सांगणे हा असतो.

रेखाटनाची पद्धत

आकृती आणि शरीररचना

जागेवर रेखाटन करताना प्रथम पक्ष्याची बाह्याकृती पकडली जाते. डोके, धड, मान व पाय यांची प्रमाणे आणि शरीराचा कल एवढे जमले, की पिसांचे तपशील नंतर भरता येतात. दूरच्या पाण्यावरील पक्षी प्रकाशाविरुद्ध अनेकदा केवळ काळ्या आकृतीसारखे दिसतात. तेव्हा ओळख पटण्यास बाह्याकृतीच उपयोगी पडते. उदाहरणार्थ, बगळा उडताना मान आखडून खांद्यांत घेतो, तर करकोचा, सारस व चमचा हे पक्षी मान पुढे ताणून उडतात.

शरीररचनेचे ज्ञान नसल्यास काही ठरावीक चुका होतात. शेकाट्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्याचा 'गुडघा' मागे वळतो असे वाटते. प्रत्यक्षात तो सांधा म्हणजे घोटा असून खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो. हे लक्षात घेऊन काढलेला पक्षी कागदावर तोल सांभाळून उभा राहतो. रोहिताची मधोमध वाकलेली चोच उभ्या पक्ष्यात विचित्र वाटते. मात्र तो डोके उलटे करून पाण्यात चरताना दिसला, की त्या वाकणाचे प्रयोजन स्पष्ट होते. कमळपक्ष्याची अतिशय लांब बोटे काढताना त्याचे वजन तरंगत्या पानावर कसे विभागले जाते, हे समजते. अशा प्रकारे चित्र काढताना उद्भवणारा प्रश्न निरीक्षकाला पक्ष्याच्या जीवनपद्धतीकडे घेऊन जातो.

हालचाल

पक्षी एका स्थितीत फार वेळ राहत नाही. त्यामुळे अनुभवी रेखाटनकार एकाच पानावर अनेक अपुरी रेखाटने सुरू करतात. पक्षी चरणे, पिसे साफ करणे, मान वळवणे अशा ठरावीक क्रिया पुनःपुन्हा करत असल्याने तो आधीच्या स्थितीत परतला, की संबंधित रेखाटन पुढे नेता येते. तासाभरात असे एक पान भरले, तर त्यातून त्या पक्ष्याच्या वर्तनाचाही आराखडा तयार होतो.

पाणी आणि प्रतिबिंब

पाण्यातील प्रतिबिंब म्हणजे वरील दृश्याची उलटी नक्कल नव्हे. काठावरून पाहणाऱ्यास पक्ष्याची पाठ दिसते, तर त्याच्या प्रतिबिंबात पोटाकडील बाजू अधिक दिसते. कारण प्रतिबिंब हे पाण्याच्या पातळीखालून वर पाहिल्यासारखे असते. साधारणपणे गडद वस्तूंची प्रतिबिंबे थोडी फिकट आणि उजळ वस्तूंची थोडी गडद दिसतात. वाऱ्याने पाणी हलले, की प्रतिबिंब उभ्या दिशेने लांबते व तुटते. चिखलाचा ओला भाग आकाशाचा रंग घेतो, तर सुकत आलेला भाग त्याचा मूळ रंग दाखवतो. भरती-ओहोटीच्या जागी ही सीमारेषा पाहता पाहता बदलत असल्याने चित्रावर वेळ लिहिणे आवश्यक ठरते.

वनस्पती

तळ्याच्या काठावरील वनस्पती पाण्याच्या खोलीनुसार पट्ट्यांनी वाढतात. खोल पाण्याकडे बुडालेल्या व तरंगत्या वनस्पती, उथळ पाण्यात पाणकणीस, देवनळ व लव्हाळे आणि त्यापलीकडे ओलसर कुरण असा क्रम सामान्यतः आढळतो. कमळ आणि कुमुद यांची पाने वरवर सारखी दिसली, तरी कमळाचे पान अखंड गोल असून बहुधा पाण्यावर उंचावलेले असते, तर कुमुदाच्या तरंगत्या पानाला देठाजवळ खाच असते. या पट्ट्यांचा आडवा छेद रेखाटला, तर तोच आराखडा पुढील वर्षी पाणी किती सरकले आणि कोणती वनस्पती वाढली याची तुलना करण्यास उपयोगी पडतो.

नोंदी

रेखाटनवहीत चित्राबरोबर स्थळ, तारीख, वेळ, हवामान, पाण्याची पातळी, पक्ष्यांची संख्या आणि वर्तन यांची टिपणे केली जातात. शिसपेन्सिल, पाण्याने न विरघळणारी शाई आणि जलरंगांची छोटी पेटी ही नेहमीची साधने होत. दमट हवेत जलरंग उशिरा वाळत असल्याने अनेक जण जागेवर रंगांची नोंद शब्दांत करतात व रंगकाम नंतर पूर्ण करतात.

विज्ञानातील उपयोग

पीटर स्कॉट आणि हंसांच्या चोची

रेखाटनाचा वैज्ञानिक साधन म्हणून उपयोग करण्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील पीटर स्कॉट (१९०९–१९८९) यांचा हंसांचा अभ्यास. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत मृत्यू पावलेले रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांचे ते पुत्र होते. तरुणपणी ते बदकांचे हौशी शिकारी आणि पाणपक्ष्यांचे चित्रकार होते. पुढे त्यांनी शिकार सोडली. १९४६ मध्ये त्यांनी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या संवर्धनासाठी संस्था स्थापन केली.

स्लिमब्रिज येथे त्यांच्या चित्रशाळेच्या खिडकीसमोरच तळे होते. तेथे हिवाळ्यात उतरणाऱ्या ब्युइकच्या हंसांच्या चोचीवरील काळ्या-पिवळ्या रंगाची नक्षी प्रत्येक पक्ष्यात वेगळी असते, हे त्यांच्या लक्षात आले. १९६४ पासून त्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी प्रत्येक हंसाच्या चोचीचे समोरून व बाजूने छोटे चित्र काढून त्याला नाव देण्यास सुरुवात केली. पायात कडी न अडकवता, पक्ष्याला न पकडता केवळ रेखाटनावरून एकेक पक्षी वर्षानुवर्षे ओळखता येऊ लागला. त्यातून हजारो हंसांच्या नोंदी जमा झाल्या. रशियाच्या आर्क्टिक भागातून येणाऱ्या या हंसांच्या जोड्या बहुधा आयुष्यभर टिकतात आणि पिले पहिल्या हिवाळ्यात आईवडिलांसोबत राहतात, या गोष्टींचा तपशीलवार पुरावा या नोंदींमधून मिळाला. ठसेचित्रकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हंसाचे खाजगी आयुष्य अशा रीतीने एका चित्रकाराच्या रेखाटनांमुळे उलगडले.

ओळखपुस्तिका

पक्षी ओळखण्याच्या आधुनिक पुस्तिकांचा उगमही पाणपक्ष्यांच्या रेखाटनाशी जोडलेला आहे. अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांच्या १९०३ सालच्या एका कादंबरीतील मुलगा दुरून दिसणारी बदके ओळखता यावीत म्हणून पेंढा भरलेल्या बदकांवरून त्यांच्या रंगखुणांची साधी चित्रे काढतो. या प्रसंगावरून अमेरिकेतील रॉजर टोरी पीटरसन यांना कल्पना सुचली आणि १९३४ मध्ये त्यांची पक्षी-ओळखपुस्तिका प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रजातीची वेगळी खूण छोट्या रेषेने दाखवण्याची त्यांची पद्धत जगभर स्वीकारली गेली.

छायाचित्रण सुलभ झाल्यावरही अशा पुस्तिकांमध्ये चित्रांचे स्थान कायम राहिले आहे. छायाचित्र एका विशिष्ट पक्ष्याचे, एका क्षणाचे व एका प्रकाशातले असते. चित्रकार मात्र अनेक पक्षी पाहून प्रजातीचे प्रातिनिधिक रूप तयार करतो आणि सारखे दिसणारे पक्षी एकाच स्थितीत शेजारी ठेवून तुलना सोपी करतो. भारतात सलीम अली यांचे 'बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये रंगीत चित्रांसह प्रसिद्ध झाले. सलीम अली व डिलन रिप्ली यांच्या १९८३ सालच्या सचित्र मार्गदर्शिकेची चित्रे जॉन हेन्री डिक यांनी काढली. भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांवरील १९९८ सालच्या मार्गदर्शिकेच्या चित्रकारांमध्ये गोव्याचे कार्ल डिसिल्वा यांचा समावेश होता.

संवर्धनातील भूमिका

बदक तिकीट

अमेरिकेत १९३०च्या दशकात तीव्र दुष्काळ आणि दलदलींतील पाण्याचा निचरा यांमुळे बदकांची संख्या झपाट्याने घटली. वृत्तपत्रीय व्यंगचित्रकार जे नॉरवुड 'डिंग' डार्लिंग हे आपल्या चित्रांतून या नाशाविरुद्ध सातत्याने भाष्य करीत होते. १९३४ मध्ये बदकांची शिकार करणाऱ्यांना दरवर्षी एक विशेष तिकीट विकत घेणे बंधनकारक करण्यात आले. पाण्यावर उतरणाऱ्या बदकांच्या जोडीचे पहिल्या तिकिटावरील चित्र डार्लिंग यांनीच काढले. त्याची किंमत १ डॉलर होती.

१९४९ पासून या तिकिटासाठी खुली चित्रस्पर्धा घेतली जाते. तिकीटविक्रीच्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ अधिवास विकत घेण्यास किंवा भाडेपट्ट्याने संरक्षित करण्यास वापरले जातात. या योजनेतून आतापर्यंत ६० लाख एकरांहून अधिक क्षेत्राचे संरक्षण झाले आहे. संवर्धनाच्या निधीशी चित्राचा थेट संबंध जोडणारी ही सर्वांत जुन्या योजनांपैकी एक होय.

चित्रकारांचे सामूहिक उपक्रम

पीटर स्कॉट हे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांपैकी एक होते व त्या संस्थेचे पांडाचे बोधचिन्ह त्यांनी रेखाटले होते. १९९०च्या दशकारंभी नेदरलँड्समधील 'आर्टिस्ट्स फॉर नेचर फाउंडेशन' या संस्थेने निरनिराळ्या देशांतील चित्रकारांना पोलंडमधील बिएब्झा नदीच्या विस्तीर्ण दलदलीत एकत्र आणले. तेथे काढलेल्या चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. धोक्यात असलेल्या एका प्रदेशाकडे अनेक चित्रकारांच्या नजरेतून लक्ष वेधण्याची ही पद्धत संस्थेने पुढे इतर ठिकाणीही वापरली.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर (२०१९), बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर (२०२०) आणि ठाणे खाडी (२०२२) या जागांना रामसर दर्जा मिळालेला आहे. गोव्यातील कुडचडे येथील नंदा तळे २०२२ मध्ये या यादीत समाविष्ट झाले. उजनी जलाशयाच्या काठावरील भिगवण, पैठणचा जायकवाडी जलाशय आणि गोंदिया जिल्ह्यातील तळी ही निरीक्षण व रेखाटनाच्या दृष्टीने महत्त्वाची अन्य ठिकाणे होत. गोंदिया जिल्ह्यातील भातशेती व तळ्यांच्या परिसरात सारस आढळतो.

या प्रत्येक जागेचे दृश्यरूप वेगळे आहे. नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामागे साठलेल्या गाळाची बेटे व पाणकणसाचे पट्टे दिसतात. लोणार येथे उल्कापाताने बनलेल्या विवराची गोल कडा आणि तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी आहे. ठाणे खाडीत तिवरांच्या कांदळवनापुढे ओहोटीला उघडा पडणारा चिखल व त्यावर चरणारे रोहितांचे थवे असतात. त्यामागे उंच इमारती, पूल व विजेचे मनोरे उभे आहेत. गोव्यातील खाजण जमिनी हे बांध व दरवाजांच्या आधारे खारे पाणी नियंत्रित करणारे मानवनिर्मित पाणथळ भूदृश्य आहे. अशा ठिकाणी बांध, मानस व भातखाचरे यांचे रेखाटन हा स्थानिक ज्ञानाचाही दस्तऐवज ठरू शकतो.

शिक्षण

शालेय निसर्गशिक्षणात रेखाटनाचा उपयोग निरीक्षणाची सवय लावण्यासाठी केला जातो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शब्द लिहून काढण्यापेक्षा त्या वस्तूचे चित्र काढल्यास ती अधिक चांगली लक्षात राहते, असे आढळले. चित्र सुबक असणे त्यासाठी आवश्यक नव्हते. हे प्रयोग वन्यजीवांवर केलेले नसले, तरी चित्रकलेचे औपचारिक शिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यालाही रेखाटनाचा लाभ होऊ शकतो, असे त्यावरून सूचित होते. पाणथळीच्या काठावरील अभ्यासात एकच पक्षी दहा मिनिटे पाहून काढणे, एकाच जागेचे पावसाळा, हिवाळा व उन्हाळ्यात रेखाटन करणे किंवा काठापासून पाण्यापर्यंतच्या वनस्पतींचा छेद काढणे असे उपक्रम घेता येतात.

दक्षता

पाणथळ जागी रेखाटन करताना पक्ष्यांना त्रास होणार नाही इतके अंतर राखणे आवश्यक असते. पक्षी चरणे थांबवून मान उंचावू लागले, तर निरीक्षक फार जवळ आल्याचे ते लक्षण मानावे. वीण चालू असलेल्या घरट्यांजवळ दीर्घकाळ बसणे टाळले जाते, कारण पालक पक्षी दूर राहिल्यास अंडी व पिले ऊन आणि भक्षक यांच्या तावडीत सापडतात. अभयारण्यांत वनविभागाचे नियम लागू होतात. खाडीकाठी भरतीची वेळ आधी पाहणे आणि चिखलात एकट्याने न उतरणे सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

मर्यादा आणि टीका

रेखाटन हे निरीक्षकाच्या कौशल्यावर व पूर्वग्रहांवर अवलंबून असते; त्यामुळे दुर्मीळ प्रजातीच्या नोंदीसाठी आज छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण अधिक ग्राह्य धरले जाते. जुन्या चित्रांतील रंग काळानुसार बदललेले असू शकतात. तसेच पिंजऱ्यातील किंवा मृत पक्ष्यावरून काढलेल्या चित्रांत नैसर्गिक अधिवास अनेकदा काल्पनिक असतो.

दुसरा आक्षेप निवडीसंबंधी आहे. रोहित, सारस, हंस असे देखणे पक्षी चित्रांत वारंवार येतात; शेवाळ, गाळातील कृमी, शिंपले व डासांच्या अळ्या क्वचितच येतात. वस्तुतः पाणथळीची अन्नसाखळी याच जिवांवर उभी असते. नवी मुंबईने 'फ्लेमिंगो शहर' अशी आपली ओळख करून दिली असून तेथे सार्वजनिक ठिकाणी रोहितांची चित्रे व शिल्पे दिसतात. मात्र रोहिताचा गुलाबी रंग त्याच्या अन्नातील शैवाल व सूक्ष्म जिवांपासून येतो आणि ते अन्न खाडीच्या चिखलात व उथळ पाण्यात तयार होते. पक्ष्याचे चित्र लोकप्रिय होऊनही त्याचा चिखल चित्राबाहेर राहिला, तर त्या चिखलाच्या रक्षणास चित्राची मदत होत नाही. याच कारणाने अनेक समकालीन निसर्गचित्रकार एकट्या पक्ष्याऐवजी पाणी, गाळ, वनस्पती, जीवजंतू आणि माणसाची वस्ती यांसह संपूर्ण जागा चित्राचा विषय करतात.

हेही पाहा

पाणथळ जागा
रामसर करार
उस्ताद मन्सूर
वारली चित्रकला
सलीम अली
ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य
नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य